पहिले पान कोरे सोडू नका

मार्च संपत आला की कार्यालयांतून एक छापील नमुना फिरू लागतो. जुनी माणसे त्याला सीआर म्हणतात. केंद्राच्या खात्यांत तो एपीएआर झाला, राज्य शासनात कार्यमूल्यमापन अहवाल झाला आणि खासगी कंपन्यांत अप्रेझल. नावे अनेक असली तरी गोष्ट एकच आहे. वर्षभरात तुम्ही काय काम केले आणि ते किती मोलाचे, याचा हा लेखी निवाडा असतो. बढती, वेतनवाढ, चांगली नेमणूक आणि पुष्कळदा माणसाची कार्यालयातली पत या कागदावर ठरते. एवढ्या महत्त्वाच्या कागदाची तयारी आपल्या समाजातील नोकरदार मंडळी किती करतात? स्पष्टच सांगायचे तर फार थोडे लोक करतात.

कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये रविवारची वंदना आटोपून बाहेर पडत होतो. ओळखीच्या घरातला एक तरुण भेटला. केंद्राच्या एका खात्यात सहा वर्षांपासून नोकरीला आहे. त्याने खिशातून घडी केलेला नमुना काढला आणि म्हणाला, "काकाजी, यात काय लिहाचं? शेवटी साहेबच तर ठरवते ना जी." मी कागद पाहिला. वर्षातील ठळक कामाच्या रकान्यात त्याने लिहिले होते : 'नेमून दिलेली सर्व कामे वेळेवर केली.' बस्स, एवढेच. याच मुलाने वर्षभर स्वतःच्या टेबलाबरोबर एका रिकाम्या टेबलाचे काम ओढले होते. अनेक वर्षांची तुंबलेली प्रकरणे निकाली काढली होती. हे त्याने मला चहा पिता पिता सांगितले. कागदाला मात्र सांगितले नाही. मी विचारले, "किती प्रकरणं काढली?" तर म्हणाला, "गंज असतील जी. मोजले कुठं?"

हे 'मोजले कुठं' हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

कामठी हे विडी कामगारांचे गाव. माझी आई विड्या वळायची. संध्याकाळी टोपली घेऊन ती ठेकेदाराच्या ओट्यावर जायची आणि मी तिच्या पदराला धरून. ठेकेदाराचा माणूस जुडी हातात घ्यायचा, दाबून पाहायचा आणि काही विड्या बाजूला टाकायचा. त्याला 'छाट' म्हणत. छाटीचे पैसे मिळत नसत आणि छाट घरीही नेता येत नसे. ती विडी खरोखर वाईट होती की नाही, हे फक्त टाकणाऱ्याला ठाऊक. आई वाद घालत नसे, कारण उद्या पाने आणि तंबाखू त्याच्याकडूनच घ्यायचे होते. कामाची वार्षिक तपासणी आमच्या घरात अशी रोज संध्याकाळी होत होती.

ज्या माणसाने हा अन्याय ओळखला तो याच गावचा. बाबू हरदास एल. एन. यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत झाला. त्यांनी विडी कामगारांना संघटित केले, १९३७ मध्ये मध्यप्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी जग सोडून गेले. त्यांच्यासारख्यांच्या आणि पुढच्या कामगार चळवळीच्या लढ्यानंतर १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. त्याखालच्या नियमांनी साधारणपणे शेकडा ५ पेक्षा जास्त छाट काढू नये, असे बंधन घातले. म्हणजे कायद्याने छाट काढणाऱ्याच्या हाताला मोजमाप लावले. प्रत्यक्षात ते किती पाळले गेले हा वेगळा प्रश्न. पण 'माझी विडी का टाकली' हे विचारण्याचा हक्क कायद्याने दिला.

आता आपण विडीच्या ओट्यावरून कार्यालयाच्या टेबलावर येऊ. तेथेही कित्येक वर्षे छाटच चालली होती. गोपनीय अहवाल खरोखरच गोपनीय होता. फक्त प्रतिकूल शेरा असेल तर तो कळवायचा, असा दंडक. मग साहेब प्रतिकूल लिहीतच नसत. ते लिहीत 'चांगला'. ऐकायला शब्द गोड. पण बढतीची कसोटी 'अतिशय चांगला' अशी असेल तर हाच गोड शब्द माणसाचा गळा कापतो आणि त्याला ते कळतही नाही.

असेच देव दत्त यांच्या बाबतीत झाले. ते सीमा रस्ते संघटनेतील कार्यकारी अभियंता. बढतीसाठी पाच वर्षे 'अतिशय चांगला' हा शेरा लागत होता. चार वर्षे तो होता. १९९३-९४ या एका वर्षी 'चांगला' लिहिले गेले आणि बढती हुकली. ती नोंद त्यांना कधी कळवलीच नव्हती, कारण ती प्रतिकूल नव्हती! १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चांगली असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. पुढे २३ एप्रिल २०१३ रोजी सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हाच निर्णय कायम केला. केंद्र सरकारने १४ मे २००९ च्या आदेशाने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचे आणि अभिवेदनासाठी १५ दिवस देण्याचे ठरवले. राज्य शासनातही गोपनीय अहवालाची जागा कार्यमूल्यमापन अहवालाने घेतली आणि अनेक अधिकाऱ्यांचे अहवाल 'महापार' या संगणकीय प्रणालीत भरले जाऊ लागले.

दार उघडले हे खरे. पण उघड्या दारातून आत कोण जातो? जो कागद घेऊन जातो तोच.

केंद्राच्या नमुन्यात कामाच्या निष्पत्तीला ४० टक्के, वैयक्तिक गुणांना ३० टक्के आणि कार्यविषयक क्षमतेला ३० टक्के भार आहे. १० पैकी ६ पासून ८ च्या आत गुण आले तर 'अतिशय चांगला', ४ पासून ६ च्या आत आले तर 'चांगला'. यातील वैयक्तिक गुण म्हणजे काय? वृत्ती, जबाबदारीची जाणीव, शिस्त, नेतृत्व. हे फूटपट्टीने मोजता येत नाही. येथे साहेबाच्या मनातला माणूस कागदावर उतरतो. आणि साहेबाच्या मनात आडनाव नसते, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

हा केवळ संशय नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले गेले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या अर्जापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. तेथे तर माणूस समोरही आला नव्हता, कामही सुरू झाले नव्हते. मग वर्षभर समोर बसणाऱ्या माणसाचे 'व्यक्तिमत्त्व' मोजताना काय होत असेल? स्वतः बाबासाहेब १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीत आले तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फाइली फेकत. त्यांच्या कार्यक्षमतेचा शेरा तेथे काम पाहण्याआधीच लिहून झाला होता.

फार कशाला, आपल्या अख्ख्या समाजाचाच एकदा गोपनीय अहवाल लिहिला गेला आहे. पिढ्यान् पिढ्या कंपनीच्या पलटणीत लढलेल्या महारांची सैन्यभरती १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. शेरा काय, तर ही जात लढाऊ नाही. कोणाला विचारले नाही, कोणाला कळवले नाही. तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. त्यात आपल्या लोकांची सैनिकी सेवा मांडली. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. शेवटी १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली आणि तिची दुसरी बटालियन उभी राहिली ती याच कामठीच्या छावणीत. एका खोट्या शेऱ्याविरुद्ध केलेल्या अभिवेदनाला यश यायला ४७ वर्षे लागली. पण ते अभिवेदन पुराव्यानिशी लिहिले गेले होते, हे विसरू नये. वलंगकरांनी 'आम्ही गरीब आहोत, दया करा' एवढेच म्हटले नाही. आम्ही काय केले आहे, हे त्यांनी मांडले.

आपल्या तरुण नोकरदारांना माझे सांगणे हेच आहे. अहवालाचे पहिले पान, म्हणजे स्वयंमूल्यमापन, हे साहेबाचे नसून तुमचे आहे. तेथे तुमच्या हाताने लिहायचे असते. ते पान कोरे सोडले किंवा 'सर्व कामे केली' असे लिहून सोडून दिले, की साहेबाला काहीही लिहायला मोकळे रान मिळते. उलट त्या पानावर कामाचा आकडा, तारीख आणि आदेशाचा क्रमांक असेल, तर त्याच्याखाली खोटे लिहिताना माणसाचा हात थबकतो. कारण तोच कागद उद्या वरच्या अधिकाऱ्यापुढे, आयोगापुढे किंवा न्यायालयापुढे जाऊ शकतो.

ही तयारी मार्चमध्ये होत नाही, एप्रिलमध्ये सुरू होते. एक वही घ्या. दर शनिवारी दहा मिनिटे बसा आणि आठवड्याचे काम लिहा. किती प्रकरणे आली, किती निकाली काढली, कोणते जादा काम तोंडी सांगितले गेले. तोंडी सांगितलेल्या कामाची दोन ओळींची टिपणी फाइलवर ठेवा, म्हणजे त्याला तारीख येते. प्रशिक्षण घेतले असेल, रजेवरच्या सहकाऱ्याचे काम सांभाळले असेल, कोणी लेखी प्रशंसा केली असेल, तर त्याची प्रत जपून ठेवा. काम अडले असेल तर का अडले हेही त्याच वेळी लेखी कळवा. मनुष्यबळ नव्हते, यंत्र बंद होते, मंजुरी आली नाही, हे वर्षाअखेरी सांगितले की सबब वाटते आणि जुलैमध्ये लिहिले की नोंद होते.

केंद्राच्या वेळापत्रकात स्वयंमूल्यमापन १५ एप्रिलपर्यंत द्यायचे असते. प्रतिवेदन अधिकाऱ्याने ३० जूनपर्यंत आणि पुनर्विलोकन अधिकाऱ्याने ३१ जुलैपर्यंत लिहायचे असते. दिल्याची पोच घ्या. अहवाल हाती आला की सही करून कपाटात टाकू नका. प्रत्येक रकाना वाचा. १ किंवा २ असा गुण दिला असेल तर कोणते विशिष्ट अपयश हे अधिकाऱ्याने लिहिलेच पाहिजे, असा नियम आहे. न पटल्यास १५ दिवसांच्या आत अभिवेदन द्या. त्यात राग नको, भाषण नको. 'या रकान्यात अमुक गुण दिला आहे. माझे काम असे आहे. पुरावा सोबत जोडला आहे', इतके पुरे. आणि खरोखर जातीय द्वेषाचा प्रकार असेल, तर तेही तारीख, वार आणि शब्दांसह लिहा. संविधानाच्या अनुच्छेद ३३८ खाली अनुसूचित जाती आयोग आहे. त्याच्याकडे नुसती हळहळ घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा.

काही मंडळी म्हणतील, "आम्हाला बढती नको, आहे ते बरे आहे." त्यांनी २०१६ चा निर्णय आठवावा. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर बढती न मिळताही वरची वेतनश्रेणी मिळते. तिची कसोटी 'चांगला' वरून 'अतिशय चांगला' करण्यात आली. म्हणजे खुर्ची बदलायची नसली तरी पगार आता या कागदाला बांधलेला आहे. घरात मुलीचे शिक्षण आणि आईचे औषध ज्या पगारावर चालते, त्याच्याबद्दल उदासीन राहणे हा साधेपणा नव्हे.

दुसरे काही म्हणतील, हा नोकरदारांचा स्वार्थ आहे, यात चळवळीचे काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, ती नोकरदारांनी रोज आठवावी अशीच आहे. पण बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या, त्या पोट भरण्यापुरत्या नव्हत्या. निर्णय जेथे होतात तेथे आपला माणूस असावा, यासाठी होत्या. आज आपली माणसे खालच्या पायऱ्यांवर पुष्कळ आहेत आणि वर गेले की विरळ होतात. मधला जिना कोणता? हाच अहवाल.

बढतीतील आरक्षणाविरुद्ध दरवेळी पुढे केला जाणारा शब्दही हाच आहे : कार्यक्षमता. अनुच्छेद ३३५ मधला हा शब्द २००६ च्या नागराज निकालात आपल्यापुढे अट म्हणून उभा राहिला. महाराष्ट्रात ४ ऑगस्ट २०१७ रोजी उच्च न्यायालयाने बढतीतील आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय रद्द केला आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने बढतीतील राखीव जागाही सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. मधल्या काळात, १० मे २०१९ च्या पवित्रा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कार्यक्षमतेचा अर्थ संकुचित गुणवत्तेपुरता घेता येणार नाही. प्रशासनात सर्व समाजाचे प्रतिनिधित्व असणे हाही तिचा भाग आहे. हा न्यायालयातला लढा वकील लढतील. पण 'तुमचे लोक काम करत नाहीत' या आरोपाला प्रत्येक टेबलावर उत्तर द्यायचे, तर ते मोजलेल्या, लिहिलेल्या कामानेच द्यावे लागेल. आणि काम केलेच नसेल तर जातीची ढाल पुढे करू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. खोट्या तक्रारीने खऱ्या तक्रारीची किंमत जाते.

आता जे आपले लोक साहेब झाले आहेत, त्यांच्याशी दोन शब्द. हे मी स्वतःला बाजूला ठेवून बोलत नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडेही अहवाल लिहायचे काम आले. माझ्या हाताखाली आपल्याच समाजातली एक मुलगी होती. कामाला अतिशय चोख. पण मला धास्ती होती की लोक म्हणतील, साहेबाने जातवालीला गुण वाटले. म्हणून मी सगळ्या रकान्यांत एकच मधला आकडा भरून टाकला. कोणी काही म्हटले नाही. तिने अभिवेदनही दिले नाही. निरोपाच्या दिवशी मात्र ती इतकेच म्हणाली, "सर, तुम्ही तरी माझं काम पाहिलं होतं." ठेकेदाराच्या ओट्यावर माझी आई गप्प उभी राहायची, ते मला त्या दिवशी आठवले. जुडी दाबून विडी बाजूला टाकणारा हात या वेळी माझाच होता. केंद्राच्या अनेक नमुन्यांत अधिकाऱ्याची अनुसूचित जाती-जमाती आणि दुर्बल घटकांविषयीची वृत्ती कशी आहे, असा एक रकाना असतो. तो माझ्याबाबतीत कोणी खरा भरला असता, तर काय लिहिले असते? तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांनी खैरात करू नये आणि भीतीपोटी छाटही काढू नये. काम पाहावे आणि पाहिले तसे लिहावे.

शेवटी ज्यांच्या वाट्याला हा कागदच येत नाही, त्यांचा विचार केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. कामठीच्या आसपास वीज केंद्रे आहेत, कोळसा खाणी आहेत, रेल्वे आहे, छावणी आहे. अशा सगळ्याच ठिकाणी कायम कामगारांबरोबर ठेकेदाराची माणसे राबतात. त्यांच्यात आपली मुले किती आहेत हे सांगायला नको. त्यांना स्वयंमूल्यमापन नाही, पुनर्विलोकन अधिकारी नाही, १५ दिवसांची मुदत नाही. 'उद्यापासून येऊ नको' एवढाच त्यांचा वार्षिक अहवाल. त्यांनीही हजेरीची, पगाराची आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद स्वतःकडे ठेवावी. आणि कायम नोकरीत असलेल्यांनी त्यांना ती ठेवायला शिकवावे. आपल्या वस्तीतल्या विहारात वर्षातून एक रविवार यासाठी द्यायला काय हरकत आहे? निवृत्त मंडळींनी बसावे, मुलांनी आपापले नमुने आणावेत, आणि एकेक रकाना समजावून घ्यावा. मंडप लागत नाही, वर्गणी लागत नाही. एक सतरंजी आणि चार पेन पुरेत.

त्या तरुणाला मी त्याच दिवशी घरी आणले. आम्ही त्याच्या कार्यालयातली प्रकरणे आठवून आठवून मोजायला बसलो. पुढच्या दोन दिवसांत त्याने नोंदवही तपासली आणि आकडा निघाला १८६. त्याला स्वतःलाच नवल वाटले. "एवढे केले होते का जी मी?" म्हणाला. अहवालात काय गुण मिळाले ते अजून कळायचे आहे. पण या एप्रिलपासून त्याने वही घातली आहे.

जयभीम हा शब्द या गावच्या बाबू हरदासांनी आपल्या ओठी दिला. तो उच्चारताना मान ताठ होते. त्याच ताठ मानेने पहिले पान भरा.

जयभीम.